विजयदुर्गाची आग आणि तुळाजीचे आरोपपत्र

ओतूरहून पश्चिमेला निघालेला रस्ता माळशेज घाट उतरून मुरबाडवरून कल्याणला जातो. जवळच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरात उतरलेला माल त्या वाटेने जुन्नरला चढायचा, आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून घाटाच्या तोंडाशी उभा आहे. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. थोडक्यात, हा मुलूख समुद्रापासून लांब असला तरी समुद्राशी त्याचा व्यवहार जुना आहे. जुन्नरला ठाणे करून बसलेल्या मलिक अहमदने १४९० च्या सुमारास निजामशाही उभी केली, तेव्हा कोकणातली दंडा-राजपुरीही त्याने ताब्यात घेतली. १६३० साली शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजीराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत मराठी आरमाराच्या पहिल्या नौका बांधल्या गेल्या. कोकणच्या किनाऱ्याचे भवितव्य वारंवार घाटमाथ्यावर ठरत आले आहे, कधी त्याच्या भल्यासाठी, कधी नाशासाठी. नाशाचा सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे १२ फेब्रुवारी १७५६ रोजी विजयदुर्गाच्या बंदरात जळालेले आंग्र्यांचे आरमार. त्या आरमाराचा सरखेल, म्हणजे प्रमुख, तुळाजी आंग्रे याच्यावर त्या आगीचा ठपका बसला, तो अजून पुरता पुसलेला नाही. तो पुसावा का, आणि पुसायचा तर किती, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी घटना. १९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांचा कोकणातला सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर आणि मुंबईचा इंग्रज गव्हर्नर रिचर्ड बोर्शिअर यांच्यात तुळाजीविरुद्ध तह झाला. जमिनीवरून मराठी फौजेने आणि समुद्रावरून इंग्रजांनी चालून जायचे, आरमाराची सूत्रे इंग्रजांकडे राहायची, जिंकलेले किल्ले पेशव्यांचे आणि मोबदल्यात बाणकोटचा किल्ला इंग्रजांचा, असे ठरले. पंधरा दिवसांच्या आत कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. किल्ल्यातल्या शाकारलेल्या घरांना आग लागली, दारूखाना उडाला आणि किल्ला पडला. पुढच्या पावसाळ्यानंतर इंग्लंडच्या राजाचे आरमार घेऊन रिअर अॅडमिरल चार्ल्स वॉटसन मुंबईला आला, रॉबर्ट क्लाइव्हही तिथेच होता. ७ फेब्रुवारी १७५६ रोजी हे दोघे मुंबईहून निघाले आणि ११ तारखेला विजयदुर्गासमोर आले. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. तुळाजी त्या वेळी किल्ल्यात नव्हता, बोलणी करायला तो मराठी छावणीत गेला होता. १२ तारखेच्या दुपारी तोफा सुरू झाल्या. किल्ल्याच्या आश्रयाला आंग्र्यांच्या लढाऊ गुराबा एकमेकींना बांधून उभ्या होत्या. त्यांत ‘रेस्टोरेशन’ नावाचे जहाज होते, १७४९ साली तुळाजीने कंपनीकडूनच हिसकावलेले. एक गोळा नेमका त्याच्यावर पडला. तिथून आग शेजारच्या गुराबेवर, तिथून पुढच्या, असे करत संध्याकाळपर्यंत तीन डोलकाठ्यांचे मोठे जहाज, सुमारे आठ गुराबा आणि साठेक गलबते जळून गेली. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून वीसच्या आसपास होते, लूट सुमारे दहा लाख रुपयांची होती. तुळाजी मराठ्यांच्या कैदेत राहिला, तो पुन्हा सुटला नाही.

या एका दिवसावरून तुळाजीवर तीन आरोप झाले, आणि ते तीन निरनिराळ्या लोकांनी केले, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. इंग्रजांनी त्याला चाचा म्हटले. पुण्याने त्याला बंडखोर म्हटले. नंतरच्या पिढ्यांनी मनातल्या मनात तिसरा आरोप केला: बाप कान्होजीने उभारलेले आरमार या मुलाने घालवले. या तिन्ही आरोपांची इतकी सरमिसळ झाली आहे की एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. तो चाचा होता, म्हणून त्याचे आरमार बुडाले हे न्यायाचे झाले. तो बंडखोर होता, म्हणून इंग्रजांना बोलावणे क्षम्य झाले. माझे म्हणणे असे आहे की हे तीन आरोप सुटे करून तपासले, तर पहिला टिकत नाही, दुसरा बराचसा टिकतो, आणि तिसऱ्यातला मोठा वाटा तुळाजीच्या नावावरून काढून १७५५ च्या तहाच्या नावावर घालावा लागतो. तुळाजीला निर्दोष ठरवायचे नाही, त्याच्यावरचे आरोपपत्र नीट लिहायचे आहे.

ते कधी नीट लिहिले गेले नाही, कारण त्याची चौकशीच झाली नाही. तुलनेसाठी त्याच वर्षातले दुसरे उदाहरण घ्या. विजयदुर्ग जळाल्यानंतर तीन महिन्यांनी, २० मे १७५६ रोजी, भूमध्य समुद्रात मिनॉर्का बेटाजवळ इंग्रज अॅडमिरल जॉन बिंग फ्रेंचांशी लढला आणि बेट न वाचवता परतला. त्याच्यावर लष्करी न्यायालय बसले. भित्रेपणाच्या आरोपातून त्याला सोडले, पण शक्य तेवढी शिकस्त न केल्याबद्दल दोषी धरले आणि १४ मार्च १७५७ रोजी त्याच्याच आरमाराच्या एका जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या. शिक्षा अन्यायाची होती असे तेव्हाही अनेकांना वाटले, आणि २००७ साली, अडीचशे वर्षांनी, त्याच्या वंशजांनी माफीची मागणी केली. ती नाकारली गेली. अमेरिकेची ‘इंडियानापोलिस’ ही क्रूझर १९४५ साली पाणबुडीने बुडवली, तिचा कप्तान चार्ल्स मॅकव्हे दोषी ठरला, आणि वाचलेल्या खलाशांच्या व एका शाळकरी मुलाच्या खटाटोपाने २००० साली अमेरिकी संसदेने त्याला दोषमुक्त मानले. बिंग हरला, मॅकव्हे जिंकला, पण दोघांच्याही बाजूने लढता आले ते साक्षी लिहिल्या गेल्या होत्या म्हणून. तुळाजीच्या वाट्याला निकालाशिवाय कैद आली. विजयदुर्गाच्या लढाईचे तपशील आपल्याला मिळतात ते वॉटसनच्या जहाजावरचा सर्जन एडवर्ड आइव्ज आणि कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांच्याकडून. मराठी कागद आहेत ते बहुतेक त्याच्याविरुद्ध मोहीम काढणाऱ्यांचे. आरोपीचे स्वतःचे म्हणणे या साऱ्यात जवळजवळ नाही. म्हणून फिर्यादींच्याच कागदांतून त्याच्या बाजूचे काय निघते, ते पाहावे लागते.

पहिला आरोप चाचेगिरीचा. क्लेमंट डाउनिंगने १७३७ सालीच कान्होजीला ग्रंथाच्या नावात चाचा म्हणून टाकले होते, आणि १९०७ साली कर्नल बिडल्फने आंग्र्यांना ‘मलबारचे चाचे’ या मथळ्याखाली बसवले. पण चाचा कोणाला म्हणायचे? ज्याच्यामागे राज्य नाही आणि जो सापडेल त्याला लुटतो, त्याला. आंग्रे छत्रपतींचे सरखेल होते. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाने कान्होजीला शाहूच्या बाजूला आणले तेव्हा ते पद कायम झाले, आणि १७४५ साली सिद्दीकडून अंजनवेल घेतल्यावर शाहूने ते तुळाजीला दिले. त्याच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने त्याचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे, नाहीतर ते पकडले जाईल, हा त्याचा नियम होता. पण हा नियम त्याने शोधून काढलेला नव्हता. पोर्तुगीज दोनशे वर्षे कार्ताझ नावाचे परवाने विकत होते, आणि इंग्रज स्वतः दस्तके देत होते. तुळाजीने समेटाचे बोलणे लावले तेव्हा बोर्शिअरने त्याला जे उत्तर दिले, ते या वादात निर्णायक आहे. इंग्रज कोणत्याही हिंदी सत्तेचे दस्तक घेणार नाहीत, आम्ही दस्तके देतो, घेत नाही, अशा अर्थाचे ते पत्र होते. म्हणजे भांडण समुद्रावर जकात कोणी वसूल करायची याचे होते. दोघेही एकच काम करत होते, मात्र चाचा हा शब्द ज्याच्या छापखान्यातून बाहेर पडला त्याने तो दुसऱ्याला चिकटवला. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरच्या १९२८ च्या ग्रंथात हा आरोप पुराव्यानिशी खोडून काढला, तेव्हापासून तो शास्त्रीय इतिहासातून जवळजवळ गेला आहे.

इथे एक आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. तुळाजीने फक्त इंग्रज आणि डच जहाजे पकडली असती तर गोष्ट वेगळी होती. १७५४ साली डचांच्या तीन जहाजांपैकी दोन त्याने जाळली आणि एक पकडले, ही युद्धातली कामगिरी म्हणता येईल. पण किनाऱ्यावरचे देशी सावकार आणि शेजारची मराठी संस्थानेही त्याच्या तारवांना भीत होती. याचे मूळ मात्र त्याच्या स्वभावापेक्षा आरमाराच्या जमाखर्चात आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमाराच्या प्रकरणात हाच धोका सांगून ठेवला आहे: आरमाराचा खर्च मुलखाच्या ठरीव उत्पन्नातून द्यावा, धरपकडीच्या पैदास्तीवर त्याची नेमणूक करू नये, कारण तसे केले की सावकारीला उपद्रव होऊन ती बुडते. पुढच्या चाळीस वर्षांत सातारा-पुण्याने हा सल्ला पाळला नाही. आंग्र्यांना किनाऱ्यावरचा अरुंद मुलूख दिला आणि त्यातून दर्या राखायला सांगितले. घोडदळाचा सरदार चौथाई-सरदेशमुखीवर जगत होता, आरमाराचा सरदार दस्तक आणि जप्तीवर जगत होता. माळव्यात चौथाई वसूल करणाऱ्याला आपण लुटारू म्हणत नाही, तर समुद्रावर तेच करणाऱ्याला म्हणण्याआधी निदान थबकावे.

दुसरा आरोप बंडाचा. इथे तुळाजीची बाजू लंगडी आहे. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू वारल्यावर सारी सत्ता पुण्याला पेशवे नानासाहेबांकडे गेली, ती तुळाजीने मनापासून मानली नाही. खंडणी थकवली, विशाळगडच्या प्रतिनिधींच्या, बावड्याच्या अमात्यांच्या आणि वाडीच्या सावंतांच्या मुलखात त्याच्या स्वाऱ्या झाल्या. रामाजी महादेवाला कोकणचा बंदोबस्त करायचा तर तुळाजीचा बंदोबस्त करणे भाग होते. पण बंडखोर सरदाराशी मराठी राज्य एरवी कसे वागत होते, हेही पाहिले पाहिजे. नागपूरकर रघूजी भोसले आणि नानासाहेब यांचे हाडवैर शाहूने वाटणी करून मिटवले. दमाजी गायकवाड १७५१ साली थेट पेशव्यांवर चालून आला, पकडला गेला, कैदेत राहिला, आणि अर्धा गुजरात देण्याच्या अटीवर सुटून पुन्हा कामाला लागला. त्याचे घोडदळ मोडायला कोणी परकी सत्तेला बोलावले नाही. घोडदळ आपले, ते उद्या लागेल, हे पुण्याला कळत होते. आरमाराच्या बाबतीत तसे वाटले नाही, हीच या प्रकरणातली नेमकी जागा आहे. शिवाय आंग्र्यांची दौलत दुभंगण्यातही पुण्याचा हात होता. १७३५ साली बाजीरावाने आंग्रे भावांत कुलाब्याला मानाजी आणि दक्षिणेला संभाजी अशी वाटणी केली, आणि १७४० साली संभाजी कुलाब्यावर चालून आला तेव्हा मानाजीच्या मदतीला इंग्रजांची जहाजेही आली होती. म्हणजे १७५५ चा तह आकाशातून पडला नव्हता. भाऊबंदकीत टोपीकर, म्हणजे युरोपीय, पंच बसवण्याची सवय आधीच लागली होती.

तिसरा आरोप सर्वांत महत्त्वाचा: आरमार कोणी घालवले? याचे उत्तर शोधायला इतिहासाने आपल्याला एक जोडी दिली आहे. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजीच्या कुलाब्यावर चालून आले. त्या वेळीही कंपनीच्या मदतीला इंग्लंडच्या राजाची जहाजे होती, कमोडोर मॅथ्यूज त्यांचा प्रमुख होता. त्याआधी विजयदुर्गावर आणि खांदेरीवरही मुंबईकरांनी स्वाऱ्या केल्या होत्या आणि हात हलवत परतले होते. कुलाब्यालाही तेच झाले, कारण बाजीरावाची फौज पिलाजी जाधवासह आंग्र्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि पोर्तुगीजांनी वेगळा तह करून काढता पाय घेतला. आता १७५६ घ्या. तेच घराणे, तोच किनारा, तसेच खडकावरचे किल्ले, समोर पुन्हा इंग्लंडच्या राजाचे आरमार. बदलले ते जमिनीकडचे पारडे. घाटावरची फौज १७२१ साली आंग्र्यांच्या पाठीशी होती, १७५६ साली त्यांच्या पाठीवर होती. कोकणातल्या आरमाराचे सामर्थ्य नुसत्या जहाजांत कधीच नव्हते. उथळ खाडी, खाडीच्या तोंडावरचा किल्ला, त्यामागची वाघोटणच्या खाडीतल्यासारखी गोदी, आणि गोदीला लाकूड, अन्न व माणसे पुरवणारा मुलूख, या साखळीत ते होते. साखळीची शेवटची कडी घाटावरच्या सत्तेच्या हातात होती. ती सुटल्यावर गुराबांना परतायला बंदर उरले नाही.

यावर म्हणता येईल की १७५६ चा वॉटसन १७२१ च्या मॅथ्यूजहून कितीतरी बलाढ्य होता. त्याच्याकडे ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’ अशी साठ-सत्तर तोफांची लढाऊ जहाजे होती, त्यांच्यासमोर गुराबा टिकल्याच नसत्या, मग जमिनीवर कोणी का असेना. आक्षेपात तथ्य आहे. समोरासमोर उभे राहून तोफेला तोफ देण्याची ताकद आंग्र्यांकडे नव्हती. पण कोकणच्या खलाशाने तसे लढायचे ठरवलेच नव्हते. त्याची विद्या काय होती, हे दहा महिने आधी, सुवर्णदुर्गाच्या मोहिमेत दिसले. जेम्सने तुळाजीच्या तारवांचा पाठलाग केला तेव्हा वारा मंद होता. खलाशांनी जड सामान समुद्रात फेकले, होती तेवढी शिडे चढवली, आणि ऑर्म सांगतो त्याप्रमाणे अंगावरचे कपडे, गोधड्या, डोक्यावरची पागोटीसुद्धा काठ्यांवर ताणून वारा धरला. ती निसटली. पेशव्यांची जी गलबते एरवी इंग्रजांपेक्षा चपळ होती, ती त्या दिवशी मागे रेंगाळली, असेही इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. मोठ्या जहाजापासून पळून उथळात शिरायचे आणि ते एकटे सापडले की चारी बाजूंनी गाठायचे, ही त्यांची लढाई. त्यासाठी मागे सुरक्षित बंदर हवे. फेब्रुवारी १७५६ मध्ये अंजनवेल-गोवळकोटासारखी ठाणी मराठी फौजेने घेतली होती आणि विजयदुर्ग हा जवळजवळ शेवटचा आसरा उरला होता. म्हणून गुराबा तिथे गोळा झाल्या, एकमेकींना बांधल्या गेल्या, आणि एका ठिणगीत साऱ्या गेल्या. आग वॉटसनच्या गोळ्याने लागली हे खरे, पण सारी लाकडे एका जागी जमली ती जमिनीवरच्या कोंडीमुळे.

मग तुळाजीची चूक काहीच नाही? आहे, आणि ती इंग्रजांनी किंवा पुण्याने दाखवली तिथे नाही. कप्तान आपल्या जहाजावर नव्हता, हा आरोप मनाला लागतो. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांची प्रतिमा आपल्या डोळ्यांसमोर असते. त्या मापाने तुळाजी उणा दिसतो. किल्ला नातलगावर सोपवून तो छावणीत गेला, आणि मागे त्याची आई, बायका, मुले राहिली. आइव्ज सांगतो की वॉटसन त्यांना भेटायला गेला, तेव्हा मी तुमचा सांभाळ करीन असे त्याने म्हटल्यावर सहाएक वर्षांच्या मुलाने रडत त्याचा हात धरला आणि मग तुम्हीच माझे वडील, असे तो म्हणाला. प्रसंग इंग्रजांच्या गौरवासाठी लिहिला आहे हे धरूनही, त्यातले एकटेपण खोटे वाटत नाही. पण तुळाजी पळून गेला नव्हता. इंग्रजांच्या तोफा समोर आल्यावर तो ज्या दारात गेला ते पेशव्यांचे होते, म्हणजे शेवटच्या घडीला तरी आपण कोणाचे चाकर हे त्याला आठवले. त्याची खरी चूक अशी की हे दार त्याने दहा महिने उशिरा ठोठावले. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला तेव्हाच दर्या आणि डोंगर एक झाले आहेत हे उघड होते. मधला पावसाळा त्याच्या हाती होता. त्या काळात मान तुकवून, खंडणी भरून, आरमार वाचवता आले असते की नाही हे सांगता येत नाही, पण प्रयत्न तेव्हा व्हायला हवा होता. हा ठपका त्याच्यावर राहतो.

नानासाहेबांच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा असा की आपण त्यांना नंतरच्या ज्ञानावरून दोष देतो. विजयदुर्ग जिंकणारे तेच वॉटसन आणि क्लाइव्ह जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतील आणि जूनमध्ये प्लासी होईल, हे १७५५ साली पुण्याला कसे कळावे? मान्य. प्लासीचा दाखला या खटल्यात आणू नये. पण त्याची गरजही नाही, कारण इशारा चाळीस वर्षांपूर्वीचा आणि घरचाच होता. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, ज्याचे आरमार त्याचा समुद्र, असे आज्ञापत्र सांगते. टोपीकरांना खाडीच्या तोंडाशी, समुद्राकाठी जागा देऊ नये, वखारीला द्यायचीच तर आत, मुलखात द्यावी, हेही त्यातच आहे. १७५५ च्या तहात इंग्रजांना मोबदला म्हणून दिला तो बाणकोट, नेमका सावित्रीच्या मुखावरचा किल्ला. एका कागदात आरमाराची सूत्रे परक्याला आणि बंदरही परक्याला, म्हणजे आज्ञापत्राने जे दोन दरवाजे बंद ठेवायला सांगितले ते दोन्ही उघडले. हिशेब चुकल्याचे पुण्याला कळायलाही प्लासीची वाट पाहावी लागली नाही. लूट कशी वाटायची हे इंग्रज अधिकाऱ्यांनी निघण्याआधीच आपसांत ठरवले होते, त्यात मराठ्यांचा वाटा नव्हता. किल्ल्यात आधी शिरू द्यावे म्हणून मराठी बाजूने इंग्रज पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला लाच देऊ केली आणि त्याने ती झिडकारली, असे आइव्ज लिहितो. तहाने आपला ठरलेला विजयदुर्ग मिळवायला मराठ्यांना पुन्हा दुसरा तह करावा लागला, तो १२ ऑक्टोबर १७५६ ला, आठ महिन्यांनी. दरम्यान बाणकोटावर ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नाव चढले होते.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप असा की आरमार बुडालेच कुठे? विजयदुर्ग पेशव्यांकडे आल्यावर तिथे पुन्हा आरमार उभे राहिले, आनंदराव धुळप त्याचे प्रमुख झाले, आणि एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांचे ‘रेंजर’ पकडले. हे खरे आहे, आणि ‘नानासाहेबांनी मराठी आरमार बुडवले’ या सरळसोट वाक्याला त्याने उत्तर मिळते. पण धुळपांची जहाजे शर्थीने लढली तरी दर्यावर दस्तक कोणाचे चालायचे, हा प्रश्न तोवर निकालात निघाला होता. १७५९ साली इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला, १७७४ च्या अखेरीस ठाणे घेतले. १७५६ पूर्वी मुंबईकरांना दक्षिणेकडे जाताना आंग्र्यांची भीती धरून ताफ्याने जावे लागत होते. त्यानंतर भीती कोणी कोणाची धरायची, हे पालटले. जहाजे पुन्हा बांधता आली, पण दर्यावरचा हक्क परत आला नाही. तो हक्क तुळाजीने गमावला की पुण्याने विकला, या शब्दांतच निकाल आहे.

तुळाजीची बाजू मांडण्याचा प्रयत्न एका माणसाने केला नाही, तो हळूहळू कागदांतून झाला. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे उघडली, रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दप्तरातले ४५ खंड १९३० नंतर छापून काढले, ढबूंनी १९३९ साली कुलाबकर आंग्र्यांचा इतिहास लिहिला, आणि इंग्रजी ग्रंथांतली चाचेगिरी मराठी वाचकाच्या मनातून ओसरली. पण या प्रयत्नात एक धोका शिरला. चाचा पुसला की त्याच्या जागी हुतात्मा लिहायचा मोह होतो, आणि मग सारे पाप नानासाहेबांच्या एकट्याच्या माथी मारले जाते. हे पहिल्या चुकीइतकेच चूक आहे. १७४० साली इंग्रज मदतीला आले होते, आरमाराला नेमणूक न देण्याची ढिलाई नानासाहेबांच्या आधीची होती, वाटणी बाजीरावाची होती, आणि वेळेवर न वाकण्याचा हट्ट तुळाजीचा होता. राज्याने एक अंग तोडले ते एका दिवसाच्या रागाने तोडले नाही. ते आपले अंग आहे हेच घाटावर बसून नीट दिसत नव्हते. घोडा दिसत होता, गढी दिसत होती, गाव आणि गावाचा वसूल दिसत होता. समुद्र दिसत नव्हता, आणि खाली काय चालले आहे ते सरसुभेदाराच्या पत्रांतून कळत होते. त्याच पत्रांचा लिहिणारा तुळाजीचा वैरी होता.

तुळाजीचे उरलेले आयुष्य घाटमाथ्यावरच्या किल्ल्यांत, समुद्रापासून दूर कैदेत गेले. त्याचे दोन मुलगे पुढे कैदेतून निसटले आणि मुंबईला गेले, ज्यांनी बापाचे आरमार जाळले त्या इंग्रजांच्याच आश्रयाला. १९५१ पासून मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आंग्र्यांचे नाव आहे, ते कान्होजींच्या स्मरणार्थ, आणि ते योग्यच आहे. तुळाजीच्या नावाचा तळ, पुतळा किंवा माफीचा ठराव मागण्यात अर्थ नाही. बिंगच्या वंशजांना न मिळालेली माफी इथे देणार कोण, आणि घेणार कोण? त्याच्यासाठी करण्याजोगी गोष्ट त्याहून साधी आहे. विजयदुर्गाच्या आगीचा उल्लेख जिथे जिथे येतो, पाठ्यपुस्तकात, किल्ल्याच्या पाटीवर, वाटाड्याच्या तोंडी, तिथे १२ फेब्रुवारी १७५६ ही तारीख एकटी येऊ नये. तिच्या आधी १९ मार्च १७५५ यावी. दोन्ही तारखा शेजारी आल्या की कोणी काय केले ते वाचणाऱ्याला आपोआप कळते, आणि तुळाजीच्या माथ्यावर उरते ते फक्त त्याचे स्वतःचे: दहा महिन्यांचा उशीर.